पत्रकावर 'बीएमटीत १८० शोधनिबंध' लिहिलंय, त्यातले आपल्या सिकलसेलच्या मुलासाठी कामाचे किती, हे कसं तपासायचं?

वडसा_समुपदेशक

नमस्कार मंडळी. एका कुटुंबासाठी विचारून राहिलो. मुलगा ८ वर्षांचा, एसएस पॅटर्न (आई-बाप दोघांकडून सिकलचा जीन, म्हणजे पूर्ण आजार). हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचा त्रास कमी करणारं औषध) सुरू असूनही वर्षातून चार-पाच वेळा भरती, त्यात दोनदा ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम (फुफ्फुसांची गंभीर गुंतागुंत). धाकट्या बहिणीचं एचएलए (दाता जुळतो का ते ठरवणाऱ्या पेशींवरच्या खुणा) पूर्ण जुळलं, ती एएस पॅटर्न (फक्त वाहक). बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी (बीएमटी, म्हणजे रक्त मूलपेशी प्रत्यारोपण) दोन डॉक्टरांची नावं समोर आहेत. नावं इथे देणार नाही, कोणी विचारू नका.

एका डॉक्टरांच्या शिबिराच्या पत्रकावर 'रक्त मूलपेशी प्रत्यारोपणात १८० हून अधिक शोधनिबंध' असं छापलंय. दुसऱ्यांचे पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांची मोफत ऑनलाइन सूची) जेमतेम १४ दिसतात. मुलाच्या वडिलांचा हिशोब सरळ आहे: ज्याचे जास्त, तो मोठा. धानाचं शेत गहाण टाकून जायचं आहे त्यांना, म्हणून हा हिशोब नीट झाला पाहिजे.

पहिल्या डॉक्टरांचं आडनाव आणि एक आद्याक्षर टाकून शोधलं तर ४१२ निकाल आले. त्यात दातांचे आहेत, सोयाबीनवरच्या खोडमाशीचेही आहेत. यातून त्यांचे खरे कोणते, ते कसं काढायचं? आणि काढल्यावर त्या पेपरात नेमकं काय वाचायचं?

ग्रंथपाल_वर्धा

भाऊ, आपल्याकडची आडनावं हीच पहिली अडचण. मेश्राम, ठाकरे, राऊत, देशमुख यांच्यापुढे एक आद्याक्षर लावलं की पन्नास माणसं एका यादीत येतात. पबमेडच्या शोधचौकटीत इंग्रजीतून आधी आडनाव, मग जागा सोडून दोन्ही आद्याक्षरं (स्वतःचं आणि वडिलांचं) न तोडता, आणि लगेच चौकोनी कंसात 'ए-यू' ही दोन अक्षरं टाका. निम्मा कचरा इथेच गळतो. पण काही नियतकालिकांत त्याच माणसाने एकच आद्याक्षर दिलेलं असतं, ते लेखही सोबत गळतात. म्हणून दोन्ही तऱ्हांनी शोधा. २००२ पासूनच्या लेखांसाठी पूर्ण नावानेही शोध चालतो.

मग कॅपिटल अक्षरांत 'अँड' लिहून विषय जोडा: 'हिमॅटोपोएटिक स्टेम सेल ट्रान्सप्लांटेशन', पुढे चौकोनी कंसात 'एम-एच'. एम-एच म्हणजे लेखाला जोडलेलं ठरावीक विषयशीर्षक. जुन्या लेखांना 'बोन मॅरो ट्रान्सप्लांटेशन' हे वेगळं शीर्षक असतं, तेही 'ऑर' लावून घ्या. अगदी ताज्या लेखांना शीर्षक अजून लागलेलं नसतं आणि काही नियतकालिकांना ते लागतच नाही. त्यासाठी एम-एचच्या जागी 'टी-आय-ए-बी' टाकून एकदा फिरवा, म्हणजे मथळा आणि सारांशातले शब्द शोधले जातात.

संस्थेच्या किंवा शहराच्या नावाने गाळायचं असेल तर 'ए-डी'. इथे बरेच जण फसतात. २०१४ च्या आधी पबमेडमध्ये फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवायचे. म्हणजे २००९ च्या लेखात तुमचे डॉक्टर चौथ्या क्रमांकावर असतील तर त्यांच्या शहराच्या नावाने तो लेख सापडणार नाही. तो नाही असं समजू नका.

यादी स्वच्छ झाली की निकालांच्या वर 'सेव्ह' आहे. तिथे सगळे निकाल आणि 'सीएसव्ही' निवडा. फाइल एक्सेलमध्ये उघडते. मथळा, सगळे लेखक, पहिला लेखक, नियतकालिक आणि वर्ष असे वेगवेगळे रकाने तयार मिळतात, गाळणी लावणं सोपं जातं. पहिल्या लेखकाचा शोध थेटही होतो, कंसात आकडा १ आणि त्याला जोडून ए-यू. शेवटच्या लेखकासाठी 'लास्ट-ए-यू', सलग. आपल्या विषयात पहिलं नाव बहुतेक वेळा ज्याने काम करून पेपर लिहिला त्याचं आणि शेवटचं नाव ज्याच्या हाताखाली काम झालं त्याचं असतं. मधली नावं रुग्ण पाठवणाऱ्यापासून प्रयोगशाळेत एचएलए करणाऱ्यापर्यंत कोणाचीही असू शकतात. ती कमी दर्जाची नाहीत, पण त्यावरून 'हे प्रत्यारोपण यांनी केलं' असं म्हणता येत नाही.

मोठ्या बहुकेंद्री अभ्यासांत लेखकांच्या यादीबाहेर सहभागी डॉक्टरांची वेगळी यादी असते. पबमेड त्यांना 'कोलॅबोरेटर' म्हणतं, ए-यू ने ते सापडत नाहीत, 'आय-आर' लावावं लागतं. पत्रकावरचा आकडा फुगतो तो बरेचदा यातून आणि दुसऱ्या एका गोष्टीतून: परिषदेचे गोषवारे. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीच्या वार्षिक परिषदेचे गोषवारे 'ब्लड' या नियतकालिकाच्या पुरवणी अंकात छापतात. ते थोडक्यात असतात, पूर्ण पेपरसारखी तपासणी त्यांची झालेली नसते. पबमेड ते घेत नाही, गूगल स्कॉलर घेतं. 'ब्लडमध्ये १२ पेपर' असं कोणी म्हणालं तर संदर्भात 'सप्लिमेंट' हा शब्द आहे का ते बघा.

ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा ओळख क्रमांक) मिळाला तर उत्तम. तो १६ अंकी असतो आणि एका माणसाचा एकच. मात्र त्यातली यादी ज्याची त्याने भरलेली असते. गूगल स्कॉलरची यादी यंत्र भरतं, तिथे नावबंधूंचे लेखही शिरतात आणि मालकाने काढले नाहीत तर तसेच राहतात. शेवटी एच-इंडेक्सही (पेपर किती आणि ते किती उद्धृत झाले यावरून काढलेला आकडा) टिपून ठेवा, तुलनेला बरा पडतो.

रक्तविकार_नागपूर

चाळणी मॅडमनी दिली. आता चाळणीत उरलेल्याचं सांगतो.

बीएमटी हा एकच शब्द असला तरी आतली कामं फार वेगळी आहेत. मायलोमात (मॅरोतल्या पेशींचा एक कॅन्सर) रुग्णाच्याच पेशी काढून ठेवतात आणि जोराची केमो दिल्यावर परत देतात. तिथे दात्याच्या पेशी नाकारल्या जाण्याचा प्रश्न नाही, जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर केलेला हल्ला) नाही. ब्लड कॅन्सरमध्ये दुसऱ्याच्या पेशी देतात, पण तिथे थोडी जीव्हीएचडी झाली तर उरलेला कॅन्सर मारायला तिची मदतही होते. सिकलसेलमध्ये जीव्हीएचडीचा फायदा शून्य. उलट या मुलाची प्रतिकारशक्ती केमोने आधी खचलेली नसते आणि रक्त चढवून चढवून ती सावध झालेली असते, त्यामुळे पेशी नाकारल्या जाण्याचा धोका जास्त. म्हणून १८० पैकी दीडशे मायलोमाचे असतील तर ते काम मोठं आहे, पण या मुलाच्या उपयोगाचं नाही. आपल्या भागातली दुसरी गल्लत हायड्रॉक्सीयुरियाची. सिकलसेलवर नागपुरातून १९५८ पासून लिहिलं जातंय, शुक्ला आणि सोलंकी यांचा 'लॅन्सेट'मधला लेख त्या वर्षीचा. २०१२ मध्ये नागपूरच्याच मुलांवर कमी मात्रेच्या हायड्रॉक्सीयुरियाचा अभ्यास 'हिमोग्लोबिन' या नियतकालिकात आला. हे काम अतिशय मोलाचं आहे, पण प्रत्यारोपणाच्या खात्यात ते मोजू नका.

सिकलसेल आणि प्रत्यारोपण हे दोन्ही शब्द असलेले पेपर वेगळे काढा. मोजमापाला दोन फूटपट्ट्या जवळ ठेवा. पहिली १९९६ ची, 'न्यू इंग्लंड जर्नल'मधली, वॉल्टर्स आणि सहकारी. २२ मुलं, दाता पूर्ण जुळलेलं भावंड. २० जगली, पण दात्याच्या पेशी स्थिर टिकल्या त्या १६ जणांत. चार वर्षांचा जगण्याचा अंदाज ९१ टक्के आणि घटनामुक्त जगण्याचा ७३ टक्के. या दोन आकड्यांतलं अंतर नीट समजून घ्या, कारण पत्रकावर नेहमी पहिलाच छापतात. पोरगं जगलं, पण पेशी टिकल्या नाहीत आणि सिकलसेल परत आला, असं झालं तर ते पहिल्या आकड्यात 'यश' असतं आणि दुसऱ्यात नसतं. शेत गहाण टाकणाऱ्या बापाला दुसरा आकडा पाहिजे.

दुसरी फूटपट्टी २०१७ ची, 'ब्लड'मधली, एलियान ग्लुकमन आणि सहकाऱ्यांची. १९८६ ते २०१३ या काळातले १००० रुग्ण, सगळ्यांचा दाता पूर्ण जुळलेलं भावंड. पाच वर्षांचं जगणं ९२.९ टक्के, घटनामुक्त जगणं ९१.४ टक्के. २३ जणांत पेशी टिकल्या नाहीत, ७० जण गेले, आणि मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण जंतुसंसर्ग. वयाच्या प्रत्येक वाढत्या वर्षागणिक धोका ९ ते १० टक्क्यांनी चढत जातो, हेही त्यातच आहे. ८ वर्षांच्या मुलाच्या वडिलांना हे वाक्य वाचून दाखवा.

आता पेपर हातात आल्यावर सारांशावर थांबू नका. 'मेथड्स' हा भाग (अभ्यास कसा केला ते) उघडा. सिकलसेलच्या पहिल्या प्रत्यारोपणांमध्ये मुलांना झटके आणि मेंदूत रक्तस्राव झाले होते. त्यानंतर खबरदारी ठरली: झटक्यांचं औषध आधीपासून, रक्तदाब काटेकोर, मॅग्नेशियम पातळीवर, हिमोग्लोबिन ९ ते ११ च्या मध्ये, प्लेटलेट ५०,००० च्या वर. ब्लड कॅन्सरच्या मुलात प्लेटलेट १०,००० पर्यंत उतरू देतात, इथे तसं चालत नाही. ज्या डॉक्टरांनी सिकलसेलची मुलं खरोखर सांभाळली आहेत त्यांच्या पेपरात या गोष्टी लिहिलेल्या असतात. नसतील तर प्रत्यक्ष भेटीत याच विचारा. केमोची नावं बघा, त्यात एटीजी (मुलाची प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आहे का ते बघा. फ्रान्सच्या २००७ च्या ८७ रुग्णांच्या पेपरात एटीजी नसताना पेशी नाकारल्या जाण्याचं प्रमाण २२.६ टक्के होतं, ते दिल्यावर ३ टक्क्यांच्या आसपास आलं.

आणि कायमेरिझम दिलं आहे का? म्हणजे मुलाच्या रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के. २० टक्के मायलॉइड पेशी (मॅरोत बनणाऱ्या रक्तपेशींचा एक गट) दात्याच्या राहिल्या तरी सिकलसेलचा त्रास परत येत नाही, असं २०१७ मध्ये दाखवलं गेलं. ज्या पेपरात हा आकडा नाही आणि नुसतं 'सर्व रुग्ण बरे' लिहिलंय, त्यावर माझा भरवसा बसत नाही. बहीण एएस आहे त्याची काळजी करू नका, एएस भावंडाचा मॅरो चालतो. प्रत्यारोपण पूर्ण बसलं की मुलाच्याही एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी रक्ततपासणी) एएस पॅटर्नच दिसतो. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर 'अजून एस आहेच' म्हणून घाबरतात.

वडसा_समुपदेशक

मॅडम, सर, खूप आभार. मॅडमच्या पद्धतीने पूर्ण केलं. ४१२ चे ७३ उरले. त्यातले प्रत्यारोपणाचे ३८. पहिलं किंवा शेवटचं नाव असलेले ११. त्या ११ मध्ये बहुतेक मायलोमा आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर). सिकलसेलचा एक, तोही एकाच रुग्णाचा. उरलेला आकडा पुरवणी अंकातल्या गोषवाऱ्यांचा आणि आय-आर वाल्या यादीचा दिसतो.

दुसऱ्या डॉक्टरांचे १४ पैकी ९ प्रत्यारोपणाचे. पहिलं किंवा शेवटचं नाव ५ मध्ये. थॅलेसेमियाचे दोन, आणि सिकलसेलचा एक, २६ मुलांचा. २४ जिवंत, २२ घटनामुक्त, मध्यम पाठपुरावा १९ महिने. मेथड्समध्ये झटक्यांचं औषध आणि प्लेटलेट ५०,००० दोन्ही लिहिलंय.

हे २६ पुरेसे म्हणायचे का? पहिल्या डॉक्टरांच्या पत्रकात 'अर्ध्या मॅचवरही ९५ टक्के यश' (म्हणजे एचएलए निम्मंच जुळलेल्या दात्यावरही) असंही आहे, त्याचं काय? आणि एखादा पेपर मागे घेतला गेलेला असला तर ते कुठे कळतं?

आकडेमोड_अमरावती

आधी एक मतभेद. एच-इंडेक्स या कामाला अजिबात घेऊ नका. एच-इंडेक्स २० म्हणजे त्या माणसाचे २० पेपर असे की प्रत्येकाला किमान २० वेळा इतरांनी उद्धृत केलं. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो मांडला. त्यात पहिलं नाव आणि चाळिसावं नाव सारखंच. चार मोठ्या बहुकेंद्री पेपरांत मधलं नाव आलं की तो चढतो, आणि वय वाढलं की आपोआप चढतो, खाली कधीच येत नाही. पालकांच्या हातात तो दिला की ते परत 'ज्याचा जास्त, तो मोठा' यावरच येतील.

आता २६. २४ भागिले २६, ९२.३ टक्के. ग्लुकमनच्या ९२.९ शी जवळपास जुळतं, पण दोन्ही आकड्यांचं वजन सारखं नाही. १००० रुग्णांवरचा आकडा दोन टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे सरकत नाही. २६ वरचा आकडा ९५ टक्के विश्वासाच्या मर्यादेत ७५ पासून ९९ पर्यंत कुठेही असू शकतो. याचा अर्थ काम वाईट असा नाही. अर्थ इतकाच की एवढ्या मुलांवरून ९२ आणि ८२ यांतला फरक सांगता येत नाही. घटनामुक्तचं तसंच, २२ भागिले २६ म्हणजे ८४.६.

कोणी 'आमच्या १० मुलांत एकही मृत्यू नाही' म्हणालं तर सोपा ठोकताळा: ३ भागिले मुलांची संख्या. ३ भागिले १०, म्हणजे खरा मृत्युदर ३० टक्क्यांपर्यंत असूनही नशिबाने असा निकाल लागू शकतो. ३० मुलांत एकही नाही, तर १० टक्क्यांपर्यंत. हे गणित पालकांना कागदावर करून दाखवता येतं.

पाठपुरावा १९ महिने, इथे थांबा. मध्यम १९ म्हणजे निम्म्या मुलांचा त्याहूनही कमी. पेशी नाकारल्या जाणं आणि सुरुवातीचा संसर्ग बहुतांशी पहिल्या वर्षात दिसतो, ते या पेपरात आलं असेल. दीर्घ जीव्हीएचडी, वाढ खुंटणं, पुढे मूल होण्याची क्षमता, हे त्यात दिसणार नाही. आलेख असेल तर त्याच्या खाली आकड्यांची एक ओळ असते, त्या त्या वेळी किती मुलं नजरेत उरली होती त्याची. वर रेष पाच वर्षांपर्यंत सपाट गेलेली दिसते आणि खाली पाचव्या वर्षाला ३ लिहिलेलं असतं. ती सपाट रेष तीन मुलांच्या जोरावर उभी आहे. ही ओळच छापलेली नसेल तर पाच वर्षांचा टक्का बाजूला ठेवा.

अजून एक सापळा: एकाच केंद्राचा २०१२ चा पेपर ८ मुलांचा, २०१५ चा १५ चा, २०१९ चा २४ चा. लोक बेरीज करून ४७ सांगतात. मेथड्समध्ये 'अमुक महिन्यापासून तमुक महिन्यापर्यंत' असं असतं. तारखा एकमेकींवर चढत असतील तर जुनी मुलं नव्यात धरलेलीच आहेत, एकूण २४. तीच मुलं आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या पेपरातही परत मोजलेली असतात. दुसऱ्या डॉक्टरांच्या थॅलेसेमियाच्या दोन पेपरांच्या तारखा लावून बघा.

नैतिक_समिती_यवतमाळ

मागे घेतलेल्या पेपराबद्दल. पबमेडवर अशा लेखाच्या मथळ्यावर ठळक पट्टी येते. शोधात नावापुढे 'अँड' लावून 'रिट्रॅक्टेड पब्लिकेशन' आणि कंसात 'पी-टी' टाकलं की थेट कळतं. सोबत रिट्रॅक्शन वॉचची (मागे घेतलेल्या पेपरांवर नजर ठेवणारा गट) यादी पाहा, ती मोफत आहे, २०२३ पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे, आणि पबमेडबाहेरची नियतकालिकंही त्यात असतात. मागे घेण्याचं कारण मात्र वाचा. प्रकाशकाच्या चुकीने एकच लेख दोनदा छापला गेला, म्हणूनही एक मागे घेतात. तो गुन्हा नाही.

हे तपासणं नुसतं औपचारिक का नाही, ते याच विषयातल्या एका प्रकरणावरून कळेल. जोहान्सबर्गचे वर्नर बेझवोडा. स्तनाच्या कर्करोगात जोराची केमो आणि मग रुग्णाच्याच मूलपेशी परत, असा उपचार. १९९५ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त त्यांचा उत्तम निकालांचा पेपर आला. १९९९ च्या अमेरिकन परिषदेत याच उपचाराचे इतर अभ्यास 'ठळक फायदा नाही' म्हणत होते, यांचा एकट्याचा झगझगीत फायदा दाखवत होता. २००० च्या सुरुवातीला अमेरिकेतून तपासणी पथक गेलं. रुग्णांचे कागद नीट नव्हते, आणि तुलनेच्या गटाला दिलेली औषधं सांगितलेल्यांपेक्षा वेगळी निघाली. त्यांनी गैरप्रकार मान्य केला. १९९५ चा पेपर २००१ मध्ये मागे घेतला गेला. मधल्या सहा वर्षांत हा पेपर रेकॉर्डमध्ये मानाने बसलेला होता, आणि त्याच्या आधारावर बायकांना हा जीवघेणा उपचार दिला जात होता. जगभरात बाकीच्यांना जे जमत नाही ते एकाच जागी जमतंय असं दिसलं की अजून कोणाला जमलं का, ते आधी शोधायचं.

भारतातला अभ्यास असेल तर सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) मुख्य संशोधकाच्या नावाने बघा. ही नोंदवही २००७ पासून आहे, १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची झाली. नोंद आहे, रुग्ण भरती पूर्ण होऊन पाच-सहा वर्षं झाली आणि पेपर कुठेच नाही, तर निकाल काय लागला हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. जुन्या रुग्णांच्या फायलींवरून केलेला अभ्यास तिथे नसला तर चालतं.

पूर्ण पेपर पैसे मागत असेल तर जानेवारी २०२५ पासून सरकारी महाविद्यालयांना 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'खाली सुमारे १३,००० नियतकालिकं उघडली आहेत. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या कोणा विद्यार्थ्याला पबमेड क्रमांक द्या, तो त्याच्या खात्यातून वाचून मेथड्समधलं हवं ते सांगेल.

रक्तविकार_नागपूर

अर्ध्या मॅचचं. या मुलाला पूर्ण जुळलेली बहीण आहे, त्याच्या बाबतीत तो विषयच काढू नका. पण बाकीच्या घरांसाठी लिहितो, कारण एका आई-बापाच्या भावंडांत पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, म्हणजे बहुतेक घरं अर्ध्या मॅचवरच येतात.

एखाद्याचं संशोधनाचं रेकॉर्ड कसं असावं याचा नमुनाही इथेच आहे. जॉन्स हॉपकिन्सचे हाविएर बोलान्योस-मीदे. २०१२ मध्ये 'ब्लड'मध्ये त्यांचं पहिलं नाव, शेवटचं रॉबर्ट ब्रॉडस्की. १७ सिकलसेल रुग्ण, त्यातले १४ अर्ध्या मॅचचे, प्रत्यारोपणानंतर सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध. एकही मृत्यू नाही, पण १४ पैकी ६ जणांत पेशी टिकल्या नाहीत, ४३ टक्के. हा ४३ त्यांनी सारांशातच लिहिला. मग २०१९ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त तेच पहिलं नाव, तेच शेवटचं नाव. पूर्ण शरीराला द्यायचा किरणोत्सार २०० वरून ४०० सेंटिग्रे केला, सिकलसेल आणि थॅलेसेमिया मिळून १७ रुग्ण, पेशी न टिकलेला १. चूक कुठे होती, काय बदललं, बदलल्यावर काय झालं, हे दोन पेपर शेजारी ठेवले की स्पष्ट दिसतं. डोनॉल थॉमस यांना १९९० चं नोबेल मिळालं, त्यांच्या १९७७ च्या पेपरात ब्लड कॅन्सरच्या १०० रुग्णांपैकी १३ जिवंत होते, आणि उरलेले ८७ कशाने गेले हे त्यात सविस्तर मांडलं होतं. पुढच्यांना त्या ८७ वरून शिकता आलं.

म्हणून 'अर्ध्या मॅचवर ९५ टक्के' हे वाचलं की चार गोष्टी मागा: किती रुग्ण, कोणता आजार, ९५ म्हणजे जगणं की घटनामुक्त जगणं, आणि किती वर्षांनी मोजलं. कागदावर उत्तर मिळालं तर चांगलंच. 'तुम्हाला ते समजणार नाही' असं उत्तर मिळालं तरी तुमचं काम झालं.

आणि १४ वाल्या डॉक्टरांबद्दल एक खबरदारी. पेपर किती वर्षांपूर्वीचा आहे ते बघा. प्रत्यारोपण एकट्या डॉक्टरचं काम नाही. संसर्ग सांभाळणाऱ्या परिचारिका, इरॅडिएटेड (किरण दिलेलं) रक्त देणारी रक्तपेढी, सीएमव्ही या विषाणूची तपासणी दर आठवड्याला करणारी प्रयोगशाळा, ही टीम पेपर लिहिला तेव्हा जिथे होती तिथेच डॉक्टर आता आहेत का? पेपरवरचा पत्ता आणि आजचा पत्ता वेगळा असेल तर नव्या जागी मागच्या दोन वर्षांत सिकलसेलची किती मुलं केली, हे थेट विचारा. याचं उत्तर पबमेडवर नसतं. उलट बाजूही आहे: काही केंद्रं भरपूर आणि चांगली प्रत्यारोपणं करतात पण लिहायला त्यांच्याकडे माणूस नसतो. पेपर नाही म्हणून त्यांना बाद करू नका, त्यांच्याकडून हेच आकडे तोंडी नको, लेखी घ्या.

वडसा_समुपदेशक

कळलं सर. पत्ता पाहिला, पेपर २०२१ चा आहे आणि केंद्र तेच आहे. आता मराठीत एका पानाचा तक्ता करून राहिलो, प्रत्येक कुटुंबासोबत बसून भरायचा. रकाने असे: पेपरचं वर्ष, डॉक्टरांचं नाव कितव्या जागी, आजार, दाता कोण, एकूण मुलं, जिवंत, घटनामुक्त, पाठपुरावा किती महिने, एटीजी आहे का, झटक्यांचं औषध आहे का, मागे घेतलेला नाही ना. एच-इंडेक्स टाकला नाही.

ग्रंथपाल_वर्धा

एच-इंडेक्सवर आकडेमोड सरांचं पटलं, काढलात ते बरं केलं. दोन रकाने वाढवा: प्रत्यारोपणं कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि पबमेड क्रमांक. पहिल्यामुळे तीच मुलं दोनदा मोजली जाणार नाहीत. दुसरा जास्तीत जास्त आठ अंकी असतो, तो असला की नागपूरला किंवा सेवाग्रामला कोणालाही फोनवर सांगितलं तरी तोच पेपर त्यांच्यासमोर उघडतो, आडनावाचा घोळ राहत नाही. तक्ता झाला की इथे टाका, यवतमाळ आणि चंद्रपूरकडच्या समुपदेशकांनाही लागणार आहे.